सदतिसाला एक

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की फलाटावर बटाटेवड्याची एकच गर्दी उडते. त्याच वेळी गाडीच्या शेपटाकडे वेगळे काम चाललेले असते. मागून दोन-तीन इंजिने अगदी सावकाश येऊन शेवटच्या डब्याला टेकतात, पॉइंट्समन कपलिंग जोडतो, शिट्टी होते आणि गाडी पळसदरीच्या दिशेने हलते. पुढचे इंजिन ओढणार, मागची इंजिने ढकलणार. या मागच्या इंजिनांना रेल्वेची माणसे ‘बँकर’ म्हणतात. लोणावळ्याला चढ संपला की ती सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात.

सपाटीवर एकट्या इंजिनाने सहज ओढलेल्या गाडीला इथे इतकी मदत का लागते? “चढ आहे म्हणून” हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर इंजिनाच्या चाकाखाली, लोखंडाला लोखंड टेकते तिथे आहे. गती, बल आणि घर्षण शिकायला कर्जत-लोणावळ्यामधल्या या बोरघाटासारखी दुसरी प्रयोगशाळा मला माहीत नाही. म्हणून हे प्रकरण या घाटाचे.

घाटाचा चढ रेल्वेच्या भाषेत ‘सदतिसाला एक’ आहे. रुळावर 37 मीटर पुढे गेलात की तुम्ही 1 मीटर वर आलात. कोनात मोजला तर हा चढ जेमतेम दीड अंशाचा भरतो. डोंगरातल्या पायवाटेने जाणाऱ्याला तो चढ वाटणारही नाही. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी चालवली, त्यानंतर हा दीड अंशाचा चढ बांधून काढायला 1856 ते 1863 अशी वर्षे गेली. कंपनीचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली यांनी मार्ग आखला. वाटेत पंचवीसेक बोगदे खोदावे लागले. एका ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने वर न्यावी लागे. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचा 1859 मध्ये इथे येताच मृत्यू झाला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर या डोंगरात राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी त्यांतले किती गेले याची नावानिशी नोंद कुठल्याही दगडावर नाही. हा सगळा आटापिटा चढ ‘सदतिसाला एक’च्या वर जाऊ नये यासाठी होता, कारण त्याहून उभ्या चढावर त्या काळच्या इंजिनाची चाके जागच्या जागी फिरत राहिली असती.

आता थोडा हिशेब करू. हजार टनांची गाडी धरा. अठरा-वीस डब्यांची प्रवासी गाडी साधारण इतकी भरते. सपाट, सरळ रुळावर कमी वेगात ही गाडी चालती ठेवायला किती बल लागते? दर टनामागे सुमारे 2 किलो वजनाइतके. म्हणजे हजार टनांना अवघे 2 टन. पोलादी चाक पोलादी रुळावरून गडगडते तेव्हा दोन्ही फारसे दबत नाहीत, त्यामुळे वाया जाणारी ऊर्जा फार थोडी. मालधक्क्यावर चार-पाच माणसे खांदा लावून सुटा वाघिणीचा डबा ढकलत नेतात, ते याच्याच जोरावर. रबरी टायर आणि डांबरी रस्ता या जोडीला याच्या कितीतरी पट बल लागते. रेल्वे स्वस्त पडते त्याचे मूळ इथे आहे.

घाट सुरू झाला की हिशेब एकदम पालटतो. गुरुत्वाकर्षण गाडीला उताराच्या दिशेने मागे ओढू लागते आणि ही ओढ वजनाच्या सदतिसाव्या भागाइतकी असते. दर टनाला 27 किलो. त्यात गडगडण्याचे 2 किलो आणि वळणांची थोडी भर घातली की दर टनाला 30 किलो धरायला हरकत नाही. ज्या गाडीला सपाटीवर 2 टन पुरत होते तिला आता 30 टन हवेत. दीड अंशाने बल पंधरा पट केले.

हे 30 टन देणार कोण? इंजिन, असे आपण पटकन म्हणतो. पण इंजिनातल्या मोटारी फक्त चाके फिरवू शकतात. चाक फिरले म्हणून गाडी पुढे जातेच असे नाही. इंजिन जमिनीपासून उचलून धरले तर चाके कितीही फिरोत, ते तसूभर सरकणार नाही. गाडी पुढे जाते कारण चाकाचा रुळाला टेकलेला भाग रुळाला मागे ढकलतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे रूळ चाकाला तितक्याच बलाने पुढे ढकलतो. रुळाचा हा पुढचा धक्का म्हणजेच घर्षण. शाळेच्या पुस्तकात “घर्षण गतीला विरोध करते” असे ठळक अक्षरांत छापलेले असते. या एका वाक्याने मुलांच्या डोक्यात वर्षानुवर्षे गोंधळ घातला आहे असे माझे स्पष्ट मत आहे. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. चाक मागे घसरू पाहते, घर्षण त्याला घसरू देत नाही, आणि त्या न घसरण्यातूनच गाडी पुढे जाते. रस्त्यावर चालणारा माणूस, धावणारा बैल, वळणारी मोटार, सगळ्यांना पुढे नेणारे किंवा वळवणारे बाहेरचे बल हेच.

पण घर्षणाला मर्यादा असते, आणि घाटाची सारी कथा या मर्यादेची आहे. फ्रान्सच्या गीयोम आमोंतों याने 1699 मध्ये आणि नंतर शार्ल कुलोम याने 1780 च्या दशकात प्रयोग करून दाखवले की घर्षणाची कमाल मर्यादा दोन पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते. वजन दुप्पट, तर घर्षणही दुप्पट. पृष्ठभाग रुंद की अरुंद, याने फारसा फरक पडत नाही. लिओनार्दो दा विंचीने हे आमोंतोंच्या दोनशे वर्षे आधी आपल्या वह्यांमध्ये टिपून ठेवले होते, पण त्या वह्या लोकांपुढे आल्या नाहीत. क्षेत्रफळाने फरक का पडत नाही, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो आणि दोन धातू फक्त उंचवट्यांच्या टोकांवर खरे टेकतात. वजन वाढले की टोके चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो. वरवर दिसणाऱ्या रुंदीशी त्याचा संबंध नसतो.

आजचे सहा आसांचे विजेचे इंजिन 123 टनांचे असते. बारा चाके, म्हणजे एका चाकावर दहा टनांहून थोडा जास्त भार. हे चाक रुळाला जिथे टेकते तो ठिपका एखाद्या लहान नाण्याएवढा असतो. बारा चाकांचे बारा ठिपके एकत्र केले तरी आपला तळहात झाकला जाणार नाही. घाटातल्या गाडीचे चढणे आणि थांबणे दोन्ही एवढ्याशा जागेवर अवलंबून आहे.

कोरड्या, स्वच्छ रुळावर या ठिपक्यांतून मिळणारे घर्षण वजनाच्या साधारण 30 टक्के धरता येते. 123 टनांचे 30 टक्के म्हणजे 37 टन. त्यातले जवळजवळ पावणेचार टन इंजिनाचे स्वतःचेच धूड वर न्यायला खर्च होतात. उरले 33. दर टनाला 30 किलो या हिशेबाने इंजिन अकराशे टनांची गाडी चढवू शकते, निदान कागदावर तरी. मग रूळ ओला झाला की? घर्षण 15 टक्क्यांवर येते. 123 टनांचे साडेअठरा टन होतात, स्वतःचे वजा जाता 15 उरतात आणि ते फक्त पाचशे टनांना पुरतात. मोटारी त्याच, विजेचा दाब तोच, पण निम्मी गाडी खालीच राहिली. इंजिनाची ताकद वाढवून काही उपयोग नाही. जास्त ताकद लावली तर चाके फक्त जोरात गरागरा फिरतील. रुळावरचे वजन वाढवणे हाच मार्ग, म्हणजे आणखी इंजिने. बँकर हे ताकदीसोबत वजन आणि पकडही घेऊन येतात.

ती इंजिने मागे का लावायची, पुढे का नाहीत? कारण कपलिंग. सगळी इंजिने पुढे असती तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर अख्ख्या गाडीचा ताण आला असता. मागून ढकलल्याने पुढचे डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात आणि ताण वाटला जातो. शिवाय एखादे कपलिंग तुटलेच, तर मागच्या डब्यांखाली बँकरचा टेकू असतो.

घाटात इंजिन चालवणाऱ्यांना मुसळधार पावसापेक्षा पहिल्या रिमझिमीची काळजी जास्त असते. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो. हलकी सर किंवा पहाटेचे दव मात्र रुळावरचा गंज, तेलाचे थेंब, धूळ आणि पानांचा चोथा यांत मिसळून एक निसरडा लेप तयार करते. चाक एकदा घसरले की संकट आपले आपण वाढते, कारण घसरत्या चाकाचे घर्षण टेकून फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते. घर्षण कमी म्हणून चाक आणखी जोरात फिरते. अशा वेळी जोर वाढवण्याचा मोह आवरून ड्रायव्हरला नॉच (जोराची पायरी) कमी करावा लागतो आणि चाकापुढे वाळू सोडावी लागते. चाकाच्या पुढ्यात रुळावर नळी आलेली असते. कोरड्या वाळूची बारीक धार त्यातून पडते, चाकाखाली दाणे भरडले जातात आणि पकड परत येते. वाफेच्या इंजिनापासून आजच्या संगणकनियंत्रित इंजिनापर्यंत सगळे बदलले, ही वाळू मात्र टिकून आहे.

नव्या इंजिनांनी एक गोष्ट फार नेमकी साधली आहे. ओढणारे चाक कधीच शंभर टक्के न घसरता फिरत नाही; त्या नाण्याएवढ्या ठिपक्यात ते किंचित सरकतच असते. एखाद-दोन टक्के सरक असताना पकड सर्वांत जास्त मिळते, त्यापुढे ती कोसळते. माणसाच्या हाताला ही सीमा सापडणे अवघड. नव्या मोटारींचे नियंत्रण प्रत्येक क्षणी वेग मोजून चाकाला त्या काठावर उभे ठेवते. म्हणून तेवढ्याच वजनाचे नवे इंजिन जुन्यापेक्षा जास्त ओढते.

घाटातल्या वळणांवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते, आणि मला ती सर्वांत सुंदर वाटते. वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला घासते. तिथले घर्षण निव्वळ नुकसानीचे: रूळ झिजतो, चाक झिजते, ऊर्जा जाते. म्हणून रुळाच्या त्या बाजूला ग्रीस लावतात. मात्र रुळाच्या माथ्यावर त्याचा थेंबही येऊ द्यायचा नाही, कारण तिथे पकड हवी, तिथे वाळू पडायची आहे. एकाच रुळाच्या कुशीला ग्रीस, माथ्याला वाळू, आणि दोहोंत अंतर दोन बोटांचे. घर्षण चांगले की वाईट, हा प्रश्नच इथे गळून पडतो.

आता थोडे बलांच्या बेरजेविषयी. गाडी एकसारख्या वेगाने घाट चढत असताना तिच्यावरचे एकूण बल किती? बहुतेक जण म्हणतील, वरच्या दिशेने खूप मोठे. खरे उत्तर शून्य आहे. इंजिने 30 टनांनी वर रेटतात, गुरुत्वाकर्षण आणि इतर विरोध मिळून 30 टनांनी मागे ओढतात. वेग बदलत नाही याचाच अर्थ बेरीज शून्य. बल लागते ते गती बदलायला. गती टिकवायला बल लागते असे वाटते, कारण आपल्या जगात विरोध करणारे काही ना काही सतत हजर असते. अ‍ॅरिस्टॉटलला जे वाटले ते आजही रोजच्या अनुभवाने आपल्याला वाटते. गॅलिलिओने आणि न्यूटनने घर्षण मनातल्या मनात बाजूला काढून पाहिले, तेव्हा कुठे नियम दिसला.

चढण्यापेक्षा उतरणे अवघड. लोणावळ्याहून हजार टनांची गाडी खाली येताना साडेपाचशे मीटर उंची गमावते. तेवढी ऊर्जा विजेत मोजली तर सुमारे 1,500 युनिट भरते. तासाभरात ती कुठेतरी जिरवली पाहिजे. नाही जिरवली तर काय होईल? गडगडण्याचा विरोध वजा केला तरी मोकळी सुटलेली गाडी दर सेकंदाला ताशी जवळजवळ 0.9 किलोमीटरने वेग पकडते. उभी गाडी एका मिनिटात ताशी पन्नासच्या वर, दोन मिनिटांत शंभरच्या वर.

तिला रोखणारे पहिले साधन ब्रेक ब्लॉक. चाकावर तो दाबला जातो आणि ऊर्जेची उष्णता होते. इथे घर्षण फक्त दाबावर ठरते असे मानणारा कुलोमचा साधा नियम अपुरा पडतो. 1878 मध्ये इंग्लंडात डग्लस गॅल्टन याने जॉर्ज वेस्टिंगहाऊसच्या साथीने ब्रायटनच्या रेल्वेमार्गावर ब्रेकचे प्रयोग केले. त्यात दिसले की बिडाच्या ब्लॉकचे घर्षण वेगाबरोबर घटत जाते. वेगवान चाकावर ते थांबत आलेल्या चाकाच्या तुलनेत कित्येक पट कमी असते. घाटात याचा अर्थ भयंकर आहे. गाडी जितकी हातची सुटेल तितकी ब्रेकची पकडही सुटते. म्हणून वेग वाढल्यावर आवळायचे असे चालत नाही. वेग वाढूच द्यायचा नाही. गॅल्टनला दुसरेही दिसले. ब्रेक इतका आवळला की चाक फिरायचे थांबून रुळावर घासत गेले, तर गाडी लवकर थांबण्याऐवजी उशिरा थांबते. आधी सांगितले तेच कारण: घसरत्या चाकाची पकड कमी. शिवाय घासलेल्या जागी चाक चपटे होते आणि मग प्रत्येक फेऱ्याला ठोका देत राहते.

दुसरे साधन जास्त हुशारीचे. 1928 च्या सुमारास या मार्गावर स्विस घडणीची, लांब नाकाडाची विजेची मालइंजिने आली; त्यांना ‘क्रोकोडाइल’ म्हणत. उतरताना त्यांच्या मोटारी जनित्रांसारख्या चालत आणि तयार झालेली वीज वरच्या तारेत परत जाई. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला हातभार लावी. आजची इंजिनेही हेच करतात. ब्रेक ब्लॉक तापत नाहीत, झिजत नाहीत. पण एक लक्षात ठेवा: रोखण्याचे हे बलसुद्धा चाक आणि रूळ यांच्यामधल्या त्याच ठिपक्यातून येते. तिथली पकड गेली तर कुठलाच ब्रेक कामाचा नाही.

आणि तेही सगळे फसले तर? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत. मुख्य मार्गातून फुटून डोंगरावर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा रूळ. गंमत अशी की उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा (रुळाची वाट बदलणारी जोड) नेहमी या आडरुळाकडेच लावलेला असतो. ड्रायव्हरने गाडी आपल्या ताब्यात आहे हे थांबवून दाखवले, की मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि तिची गती उंचीत खर्च होते. ताशी 54 किलोमीटरने आलेल्या गाडीला, बाकी कुठलाही विरोध धरला नाही तर, साडेअकरा मीटर उंची लागते. वेग दुप्पट, ताशी 108 झाला तर 46 मीटर. दुप्पट वेगाला चौपट उंची. गाडी हजार टनांची असो की एकच सुटलेला डबा असो, उंची तेवढीच. ज्या गुरुत्वाकर्षणाने गाडी पळवली त्यालाच तिला थांबवायला लावायचे, ही कल्पना दीडशे वर्षांनंतरही मला थक्क करते.

याच डोंगरावरून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जातो. तिथे सांधा लावून ठेवणारा कोणी नाही. निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो. 40 टनांचा भरलेला ट्रक पाचशे मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे 55 युनिट ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकनेच खायची म्हटले आणि ब्रेक ड्रमांचे लोखंड एकूण पाचशे किलो धरले, तर वाऱ्याने थंड होणे सोडून दिल्यास त्याचे तापमान आठशे अंशांनी वाढेल. त्याच्या कितीतरी आधी लायनर जळाल्याचा वास येतो, ड्रम तापून फुगतो, लायनरचे घर्षण उतरते आणि पायाखालचे पेडल असूनही ब्रेक लागेनासे होतात. उपाय जुना आहे: खालचा गिअर. गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांना सतत मागे धरते आणि उष्णतेचा मोठा वाटा ब्रेकऐवजी इंजिनातून बाहेर पडतो.

तरीही डिझेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारे आहेत. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांत तर ही बचतही खोटी आहे. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजिनाचा इंधनपुरवठा बंद होतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला इंधन जाळावेच लागते. इंजिन बंद करून उतरलात तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते. तेव्हा बोरघाट असो, कसारा असो की आंबेनळी, जो घाट ज्या गिअरमध्ये चढला असता तो त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर त्यालाही हे सांगा.